टी हवा, टेबल नको

(मंडळाच्या वार्षिक सभेनंतर दिलेल्या भाषणाचा मजकूर. पडद्यावर दाखवलेले प्रोग्रामचे नमुने इथे छापलेले नाहीत. जे दाखवलं ते शब्दांत सांगितलं आहे.)



पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव ‘पायथनमध्ये टॅगच्या नावावरून एक्सएमएलचे घटक निवडणे’ असं छापलंय. ते वाचून काही काका-काकूंनी मागच्या दाराजवळच्या खुर्च्या धरल्यात, हे मला इथून दिसतंय. बसा, हरकत नाही. बटाटेवडे भाषण संपल्यावरच बाहेर येणार आहेत, तशी व्यवस्था मी खाद्यसमितीशी बोलून आधीच केली आहे.

विषय रुक्ष वाटला तरी गोष्ट आपल्या घरची आहे. आपल्या मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकांची. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याची प्रत आज कुणाच्या हाती लागली तर ती उघडून सरळ वाचता येईल. कागद पिवळा पडला असेल, कोपरे तुटत असतील, पण ‘क’ हा ‘क’च दिसेल. आपला २००३ चा अंक त्याहून जवळजवळ शंभर वर्षांनी लहान. त्याची फाइल शाबूत आहे, सीडीवर ओरखडासुद्धा नाही. पण उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. छापील प्रती किती शिल्लक आहेत ते ग्रंथपालांना विचारा. काही वर्षांची एकही नाही.

असं का झालं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण घरच्या संगणकावर ती सहज वापरता यायला पुढे बरीच वर्षं गेली. मधल्या काळात लोकांनी जुगाड केला, आणि चांगला केला. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेले फाँट आले. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव ही नावं तुमच्यातल्या अनेकांनी ऐकली असतील. त्यांच्यावर टीका करायला मी उभा नाही. ते नसते तर आपले त्या काळातले अंक निघालेच नसते. पण संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच होता. कृतिदेवमध्ये ‘दिवा’ लिहिलात तर फाइलमध्ये जातं एफ, एन, ओ, के. एफ म्हणजे पहिली वेलांटी, एन म्हणजे द, ओ म्हणजे व आणि के म्हणजे काना. ‘सूर्य’ लिहिलात तर एल, डब्ल्यू, मग अर्धविरामाचं चिन्ह आणि शेवटी झेड. अर्धविराम म्हणजे य, आणि झेड म्हणजे त्याच्या डोक्यावरचा रफार. फाँट लावलेला असेल तोवर दिवा पेटलेला. फाँट गेला की उरतं ‘एफएनओके’.

यावर पहिला प्रश्न कुणीतरी विचारतंच, की मग तो फाँट शोधून का नाही बसवत? बसवता येतो, आणि मजकूर दिसतोही. पण शोधता येत नाही, फोनवर पाठवता येत नाही, डोळ्यांनी अधू माणसाला वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला तो मराठी वाटतच नाही. शिवाय आपल्या अंकात प्रत्येकजण आपापल्या घरून टंकून पाठवायचा, त्यामुळे एकाच फाइलमध्ये तीन-तीन फाँट. दुसरा पर्याय, छापील पानाचे फोटो काढून संगणकाकडून अक्षरं ओळखून घ्यायची. ते तंत्र मराठीसाठी आता बऱ्यापैकी चालतं, आणि जिथे फक्त कागद उरलाय तिथे आपण तेच करणार आहोत. पण जिथे टंकलेलं मूळ अक्षर हातात आहे, तिथे त्याचा फोटो काढून पुन्हा अंदाज कशाला बांधायचा?

तर आपण त्या जुन्या वर्डच्या फायली लिबरऑफिसमधून नव्या डॉक्स प्रकारात बदलून घेतल्या. आता ही डॉक्स फाइल म्हणजे काय, तर एक झिप केलेलं गाठोडं. सोडलंत की आत बऱ्याच लहान फायली, आणि त्यात ‘वर्ड’ नावाच्या कप्प्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची एक एक्सएमएल फाइल. आपला अख्खा लेख तिच्यात असतो.

एक्सएमएल म्हणजे एकात एक ठेवलेले डबे, आणि प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेली चिठ्ठी. ही चिठ्ठी म्हणजे टॅग. मोठ्या डब्यात परिच्छेद, त्याचं नाव ‘पी’. परिच्छेदाच्या डब्यात ‘आर’ नावाचे छोटे डबे, म्हणजे एका रूपात टंकलेला तुकडा, ज्याला इंग्रजीत रन म्हणतात. ‘आर’च्या आत दोन गोष्टी: त्या तुकड्याचं रूप कसं आहे, फाँट कुठला, ठळक की तिरका, ते सांगणारा डबा, आणि ‘टी’ नावाचा डबा, ज्यात खरीखुरी अक्षरं. हे १९९८ च्या फेब्रुवारीत ठरलेलं प्रमाण आहे आणि त्याची शिस्त कडक आहे. उघडलेला प्रत्येक डबा बंद झालाच पाहिजे, नाहीतर वाचणारा प्रोग्राम तिथेच थांबतो आणि पुढे वाचायला नकार देतो. आमच्या लहानपणी स्वयंपाकघरात हाच नियम होता.

मग काम सोपं वाटतं, नाही का? ‘टी’ नावाचे डबे तेवढे निवडायचे, त्यातली अक्षरं ओळीने जोडायची, झालं. नावावरून निवडणं ते हेच. पण या एका वाक्यात किती खड्डे आहेत ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

पहिला खड्डा म्हणजे फाइल साधा मजकूर समजून तिच्यात शोधाशोध करणं. हे करणारे हुशार लोक असतात. ‘कोनाची खूण, डब्ल्यू, कोलन, टी’ इथून सुरू होणारं जे दिसेल ते उचल, असा नमुना ते लिहितात. आता या फायलीत तक्त्याला म्हणतात टीबीएल, त्यातल्या ओळीला टीआर, घराला टीसी, आणि टॅब दाबल्याच्या खुणेला टॅब. सगळे ‘टी’नेच सुरू होतात. टी हवा होता, आणि आख्खं टेबल गळ्यात पडलं! त्यावर आणखी अटी घालत नमुना सुधारता येतो, पण डब्यात डबा किती खोल गेलाय हे त्या नमुन्याला कधीच कळत नाही. म्हणून एक्सएमएल हे एक्सएमएल म्हणूनच वाचावं. पायथनमध्ये त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. स्वीडनच्या फ्रेड्रिक लुंड यांनी लिहिलेली ‘एलिमेंटट्री’ नावाची लायब्ररी २००६ पासून, म्हणजे पायथनच्या २.५ या आवृत्तीपासून, पायथनबरोबरच येते. फाइल तिच्या हाती द्यायची, ती सगळ्या डब्यांचं झाड उभं करून देते.

दुसरा खड्डा नावाचा. आणि तरुण मंडळी, इथे जरा लक्ष द्या, कारण रात्री दोन वाजता हाच तुम्हाला रडवणार आहे. झाड उभं राहिलं. तुम्ही विचारलंत, ‘टी नावाचे सगळे द्या.’ उत्तर येतं, रिकामी यादी. तुम्ही म्हणता, बरं, फायलीत लिहिलंय तसं विचारतो, ‘डब्ल्यू कोलन टी’. या वेळी काही पद्धतींत निदान तक्रार तरी येते, की हा डब्ल्यू कोण ते आधी सांगा. पण सरसकट झाड फिरवणारी ‘इटर’ नावाची पद्धत वापरलीत तर पुन्हा शांतपणे शून्य.

कारण डब्ल्यू हे टोपणनाव आहे. घरात आपण ‘बंड्या’ म्हणतो. पासपोर्ट कचेरीत जाऊन ‘बंड्या’ अशी हाक मारली तर कोणी उठत नाही. आणि कचेरी तुम्हाला ‘तुम्ही चुकीचं नाव घेतलंत’ असंही सांगत नाही. ती म्हणते, या नावाचं कोणी नाही. १९९९ मध्ये एक्सएमएलला नेमस्पेसची जोड मिळाली, म्हणजे थोडक्यात आडनाव. दोन वेगळ्या घराण्यांत ‘टी’ नावाचा डबा असू शकतो, म्हणून प्रत्येकाचं पूर्ण नाव लिहायचं. इथलं आडनाव म्हणजे वेबपत्त्यासारखा दिसणारा एक लांबलचक मजकूर आहे, त्यात वर्डप्रोसेसिंगएमएल, २००६ आणि मेन असे शब्द येतात. पत्त्यासारखा दिसतो म्हणून तिथे जाऊन काही सापडलं पाहिजे असं नाही, ते फक्त नाव आहे. एलिमेंटट्री हे आडनाव महिरपी कंसात आधी ठेवते आणि त्याला लागून ‘टी’. एवढं पूर्ण नाव घेतलंत की शेकडो डबे ‘हजर’ म्हणतात. पायथनच्या ३.८ आवृत्तीपासून एक सोयही झाली आहे: महिरपी कंसात आडनावाच्या जागी नुसती फुली ठेवायची, म्हणजे ‘कुठल्याही घराण्यातला टी चालेल’. घाईच्या वेळी ठीक आहे. पण या फायलींत चित्रांची, आलेखांची वेगळी घराणी असतात आणि तिथेही टी असतो, म्हणून मी तरी पूर्ण नावच लिहितो. आणखी एक, एक्सएमएलमध्ये मोठा टी आणि छोटा टी ही दोन वेगळी माणसं.

हा खड्डा वाईट का? तर तो आवाज करत नाही म्हणून. प्रोग्राम कोसळला तर माणूस जागा होतो. रिकामी यादी आली तर प्रोग्राम आनंदाने कोरी फाइल लिहून ‘झालं’ म्हणतो. हल्ली चॅटबॉटला सांगितलं तर तो असा वीस ओळींचा स्क्रिप्ट मिनिटात लिहून देतो. घ्यावा की, मीही घेतो. पण मी त्याच्या आधी एक काम करतो: हजेरी घेतो. झाडातल्या प्रत्येक डब्याचं नाव मोजायचं आणि यादी छापायची, टी इतके, टॅब इतके, आर इतके. पायथनमध्ये ‘काउंटर’ वापरून हे तीन ओळींत होतं. वर्गात मुलं किती हे माहीत नसेल तर सहलीहून परत किती आली याला काय अर्थ?

या हजेरीतून लगेच कळतं की नुसत्या टीवर भागणार नाही. आपल्या अंकात पाककृती असतात. साहित्याच्या यादीत ‘रवा’ लिहून टॅब दाबून ‘२ वाट्या’ लिहिलेलं असतं. तो टॅब ‘टी’च्या आत नसतो, त्याचा स्वतंत्र डबा असतो. फक्त टी निवडलेत तर ‘रवा२ वाट्यासाखर१ वाटी’ असा एकच शिरा होतो. कवितांचं तर विचारू नका. कवी मंडळी ओळ मोडताना शिफ्ट दाबून एंटर मारतात. तिचा डबा ‘बीआर’ नावाचा. तो गाळला की सोळा ओळींची कविता एका दमात. काही कविता तशाही गद्यच असतात, पण तो निर्णय स्क्रिप्टने घेऊ नये.

इथे ‘गाळणे’ या शब्दाची गंमत बघा. चहा गाळतो तेव्हा खाली पडतं ते हवं असतं आणि गाळण्यात राहतं ते फेकतो. मोड आलेले मूग उपसतो तेव्हा उलटं, वर राहतं ते हवं. टॅगच्या बाबतीतही दोन्ही रीती आहेत. एक, हव्या त्या नावांची यादी करून तेवढंच घ्यायचं. दुसरी, नको त्या नावांची यादी करून ते टाकायचं आणि उरलेलं घ्यायचं. मजकूर काढायचा असेल तर पहिली रीत बरी. टी, टॅब, बीआर, आणि जोडीला ‘सिम’, कारण खास चिन्ह म्हणून घातलेलं अक्षर वर्ड कधीकधी टीमध्ये न ठेवता सिममध्ये ठेवतो. चारच नावं, पण चारही नावानिशी.

आता खरी मेख. हे चारही डबे बरोबर निवडले, तरी हातात येतं ते ‘एफएनओके’. त्याचा ‘दिवा’ करायला प्रत्येक फाँटचा वेगळा तक्ता लागतो, वेलांटी उचलून व्यंजनामागे आणावी लागते, रफार पुढे न्यावा लागतो. ते काम कंटाळवाणं आहे पण अवघड नाही. अवघड आहे ते हे ठरवणं, की कुठल्या तुकड्याला तक्ता लावायचा आणि कुठल्याला नाही. कारण आपण इंग्रजी न वापरता चार वाक्यं बोलत नाही. लेखात मध्येच कुणी ‘यूएसए’ ही तीन अक्षरं इंग्रजीत लिहिलेली असतात. त्यांना कृतिदेवचा तक्ता लावलात तर निघतो अर्धा न, त्याच्या डोक्यावर दोन मात्रा आणि शेवटी दंड. म्हाताऱ्या माणसाला ठसका लागावा तसं काहीतरी. उलट सगळं इंग्रजी समजून सोडून दिलंत तर लेखच गेला.

फाँट कुठला हे कोणाला ठाऊक? टीला नाही. टी हा फक्त अक्षरं धरून असतो. फाँटचं नाव त्याच्या शेजारच्या डब्यात, म्हणजे दोघांच्या आईपाशी, ‘आर’पाशी. आणि एलिमेंटट्रीमध्ये लेकराला आई माहीत नसते! आईला मुलं ठाऊक, पण मुलाला ‘तुझी आई कोण’ विचारायची सोयच नाही. म्हणजे थेट टी निवडून हातात घेतलेत की ते पोरके. फाँट विचारायचा तरी कुणाला? ‘एलएक्सएमएल’ नावाची दुसरी लायब्ररी ही सोय देते, पण आपल्याला तिची गरज नाही. निवडच टीची करू नका, आरची करा. प्रत्येक आर घ्या, त्याच्या आत ‘आरफाँट्स’ आहे का बघा, त्यावरचा ‘आस्की’ नावाचा गुणधर्म वाचा (गुणधर्माच्या नावालाही तेच लांब आडनाव लागतं), आणि मग त्याच आरमधली अक्षरं त्या फाँटच्या तक्त्यातून काढा. आरमध्ये फाँट लिहिलेलाच नसेल तर तो परिच्छेदाच्या शैलीवरून येतो, आणि शैली दुसऱ्याच फायलीत, ‘स्टाइल्स’मध्ये असतात. तिथे जाऊन बघावं लागतं. नावावरून निवडायचं ठरलं की लोक ‘कुठलं नाव’ यावर विचार करतात. कुठल्या मजल्यावरचं नाव, हा विचार राहून जातो, आणि आपलं सगळं काम त्या मजल्यावर अवलंबून होतं.

आर निवडतानाही एक फरक आहे. ‘फाइंडऑल’ला नुसतं नाव दिलंत तर ती फक्त थेट मुलं बघते, नातवंडं नाही. ‘इटर’ अख्खा वंश पालथा घालते. परिच्छेदाची थेट मुलं घेतलीत तर बहुतेक मजकूर येतो, आणि बहुतेक हाच शब्द धोक्याचा. लिंक लावलेला मजकूर ‘हायपरलिंक’ नावाच्या डब्यात एक पायरी खाली असतो. फेरफार नोंदवत दुरुस्ती केली असेल तर नव्याने घातलेला प्रत्येक शब्द ‘आयएनएस’ नावाच्या डब्यात, तोही एक पायरी खाली. म्हणजे लेखकाचा मूळ मजकूर आला आणि संपादकाने घातलेला शब्द तेवढा गळाला, असं वाक्य तयार होतं. वाचणारा म्हणतो, आजींचं व्याकरण जरा कच्चंच होतं.

आजी म्हटल्यावर सांगतो. २००३ च्या अंकात एका आजींचा लेख आहे. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आल्या होत्या, साताऱ्याकडच्या. पहिला बर्फ बघून त्यांनी तीन पानं हाताने लिहिली आणि मुलाने ती रात्री बसून टंकली. आजी आता नाहीत. त्यांची नात, जी तेव्हा इथे प्राथमिक शाळेत होती, ती या वर्षी मला म्हणाली, ‘दादा, मला आजीचं ते ऐकायचंय. मला भरभर वाचता येत नाही, पण फोनने वाचून दाखवलं तर कळतं.’ घरात छापील अंक नव्हता. फाइल होती, ‘एफएनओके’ वाली. फाँट बसवून तो लेख डोळ्यांना दिसला असता, फोनला वाचता आला नसता. तिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला असं मी म्हणणार नाही, काम आधीच ठरलं होतं. पण पहिली फाइल कुठली घ्यायची ते तिच्यामुळे ठरलं.

ती फाइल चालवताना हजेरीत एक अनोळखी नाव आलं: ‘डेलटेक्स्ट’. फेरफार नोंदवत मजकूर काढून टाकला की वर्ड तो लगेच नष्ट करत नाही. कोणीतरी तो फेरफार स्वीकारेपर्यंत तो फायलीत राहतो. मात्र त्याचा डबा बदलतो. टीचा होतो डेलटेक्स्ट, आणि बाहेरून ‘डीईएल’ असं वेष्टन. वेष्टनावर काढणाऱ्याचं नाव आणि तारीख. ज्याने हे प्रमाण आखलं त्याचं मला कौतुक वाटतं. रद्द मजकुराला त्याने वेगळं नावच दिलं, म्हणजे टी मागणाऱ्याच्या पदरात तो चुकूनही पडणार नाही. आजींच्या लेखात असा एक अख्खा परिच्छेद रद्द होता. जागा कमी पडली असणार. काढणाऱ्याचं नाव मी वाचलं आहे आणि ते गृहस्थ या क्षणी दुसऱ्या रांगेत हसतायत, एवढंच सांगतो.

तांत्रिक गोष्टींपैकी एकच उरली. अंकात कडेला चौकटी असतात, विनोद, सुविचार, जाहिराती. नवा वर्ड अशी चौकट दोनदा लिहून ठेवतो. एकदा नव्या प्रोग्रामसाठी, एकदा जुन्यासाठी; जुन्याच्या डब्याचं नाव ‘फॉलबॅक’. सगळे आर गोळा केलेत की एकच विनोद दोनदा येतो, आणि तो पहिल्यांदाच फारसा चांगला नसतो. म्हणून आधी फॉलबॅक नावाचे डबे झाडातून काढून टाकायचे, आणि चौकटी स्वतंत्र काढून ठेवायच्या. इथे मात्र टाकायची रीत कामी येते. फक्त एक पथ्य: झाडावरून फिरता फिरता काढू नका. पंगतीत वाढपी पुढे सरकत असताना मधला एक पाट उचलला, तर पुढचा माणूस सरकून त्याच्या जागी येतो आणि वाढपी त्याला ओलांडून जातो. तो बिचारा उपाशी. आधी यादी करून घ्या, मग यादीवरून एकेक काढा. आणि काढणं आईमार्फतच होतं, तेव्हा कोणाची मुलं कोण याचा तक्ता सुरुवातीलाच बनवून ठेवा.

असो. वड्यांचा वास यायला लागलाय.

एका काकांनी मघाशी चिठ्ठी पाठवली की संगणक सगळं करणार तर आम्ही काय करायचं. वाचायचं. तक्त्याने ‘शिर्डी’चं ‘शिडीर्’ केलं तर स्क्रिप्टला त्यात काही वावगं वाटत नाही. रफार एखाद्या वेळी चुकीच्या खांद्यावर बसतोच. शिवाय निदान दोन फाँट असे आहेत ज्यांचा तक्ता आम्हाला मिळालेला नाही. तो अक्षर-अक्षर जुळवून बनवायचा आहे, आणि त्यासाठी त्या वर्षीचा छापील अंक हवा. माळ्यावर, गराजमध्ये, ‘कधीतरी बघू’ असं लिहिलेल्या खोक्यात बघा. जुन्या सीडी, फ्लॉपी, ईमेलला जोडलेल्या फायली, काहीही चालेल. फ्लॉपी वाचायचं यंत्र मी मिळवलं आहे.

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी २ ते ५ आपण इथेच ग्रंथालयाच्या खोलीत बसतो. चष्मा आणि लाल पेन घेऊन यावं, चहा आमचा. आजींचा लेख या अंकात पुन्हा छापतो आहोत, घरच्यांना विचारून. रद्द झालेल्या परिच्छेदाबद्दल नातीला विचारलं. तो तिने आधी स्वतः ऐकला, मग वडिलांना ऐकवला. त्यात आजींनी सुनेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांच्या विनंतीवरून तो परिच्छेद छापत नाही. घरच्या फायलीत तो आता युनिकोडमध्ये आहे.